चंद्राचं सोवळं

नागपूरला कुठल्याही लग्नाला गेले की जेवताना शेजारची बाई हमखास विचारायची, "तुम्ही तिकडे लंडनला काय करता?" इंग्लंड म्हणजे लंडन, हे मी कधी दुरुस्त केलं नाही. माझं गाव मिल्टन कीन्स, ते समजावून सांगेपर्यंत जेवण गार होतं. मी म्हणायचे, "चंद्राची धूळ सांभाळते." एकदा एका मावशींनी माझ्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, "म्हणजे साफसफाईचंच ना? असू दे गं, कामाला कसली लाज!" मी म्हटलं, "अगदी बरोबर ओळखलंत." आणि खरंच त्यांनी बरोबरच ओळखलं होतं. मी नोकरीभर साफसफाईच केली. फक्त मी ज्या खोलीची साफसफाई करायचे, तिच्यात माणूस हीच मुख्य घाण होती.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तेव्हा हे काम काय असतं ते सांगते. माणसं चंद्रावर गेली, चालली, पडली, झेंडे लावून परत आली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते अंतराळवीर तिथे बराचसा वेळ दगडमाती गोळा करत होते, हे फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या फुगलेल्या पोशाखात खाली वाकता येत नसे, म्हणून लांब दांड्याचे चिमटे, फावडी आणि दाताळी घेऊन ते माती उकरत. पहिल्याच फेरीत परत निघताना पेटीत जागा रिकामी दिसली, म्हणून एका अंतराळवीराने घाईघाईने काही फावडी माती वरून ओतली. बाजारातून येताना पिशवीत जागा आहे म्हणून आपण कोथिंबिरीची आणखी एक जुडी टाकतो, तशी. ती भर म्हणून टाकलेली माती जगभरच्या प्रयोगशाळा अजून अभ्यासताहेत. तिच्यातली चिमूटभर दोन हजारच्या दशकात माझ्या ताब्यात होती.

ही माती अमेरिकेची. कोणाला विकत मिळत नाही, उसनी मिळते. आमच्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ अर्ज करत, तिकडची समिती विचार करी, आणि मग कधी कोणी हातात घेऊन येई, कधी चक्क पोस्टाने येई. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, आणि सगळ्यांच्या आत काळसर करडी पूड. कुठल्याही कोळशाच्या वखारीत याहून आकर्षक धूळ मिळेल. पण तिच्यात पाणी नाही, हवा नाही, जीव नाही, कधीच नव्हता. म्हणून तिला आपला श्वाससुद्धा चालत नाही. आम्ही चंद्राचे दगड कापतानाही पाणी वापरत नसू. चुकून पाणी लागलं, तर पुढे कोणीतरी चंद्रावर पाणी सापडल्याचं जाहीर करायचं.

ह्या मातीसाठी एक निराळी स्वच्छ खोली होती, आणि तिची मी प्रमुख. आत जाण्याआधी अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, पावडर, अत्तर, सगळं बाहेर. मग डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला फडकं, दोन-दोन हातमोजे. आत कोण जाईल आणि कोण जाणार नाही, हे मी ठरवायचे. मोठमोठे लोक मी दारावरून परत पाठवले आहेत. एक नामांकित प्राध्यापक दाढी करून सुगंधी लोशन लावून आले. मी म्हटलं, तुम्ही घरी जा. ते म्हणाले, तुम्हाला मी कोण आहे ते माहीत आहे का? मी म्हटलं, नाव माहीत आहे, वास नवीन आहे. त्यांना नियमाप्रमाणे पुन्हा धुण्यापुसण्याचं शिक्षण घ्यावं लागलं, त्यांच्या हाताच्या चाचण्या झाल्या, त्या स्वच्छ आल्या, मग दार उघडलं. पुढे ते माझे चांगले मित्र झाले, पण लोशन मात्र त्यांनी सोडलं नाही.

भेटायला येणारे लोक तर एकेक नमुने. एक गृहस्थ दर वर्षी आमच्या ओपन डेला, म्हणजे प्रयोगशाळा लोकांना खुली असते त्या दिवशी, येत आणि चंद्रावर कोणी गेलंच नाही असं मला पटवत. मी त्यांना ती पूड काचेआडून दाखवायचे. ते बराच वेळ बघत आणि म्हणत, "छान बनवली आहे." बनवणारा सापडला तर मला सांगा, मी त्याला नोकरीवर ठेवते, असं मी त्यांना वचन दिलं होतं. एक आजीबाई मात्र मला फार आवडल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढे पुरुष गेले, तिथे परत निघताना कोणी आवरलं की नाही?" नाही आवरलं, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी "वाटलंच होतं" अशा अर्थाने मान हलवली.

आता मधुराबद्दल सांगते. ती पुण्याची, आडनाव केळकर, डॉक्टरेट करून आमच्याकडे संशोधक म्हणून आली. वडिलांचा भोसरीला लहानसा कारखाना, साचे आणि सुटे भाग करण्याचा. पोरगी हुशार, हात विलक्षण स्थिर, बडबड अखंड. पहिल्याच दिवशी तिने मला शीलाताई करून टाकलं. मी रामटेके, नागपूरची, बौद्ध. हे तिला माझ्या टेबलावरच्या बाबासाहेबांच्या फोटोवरून कळलंच. त्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही. आम्हा दोघींचं बरं चाललं होतं. एकदा हातमोजे तिसऱ्यांदा बदलायला लावले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "ताई, तुमचं सोवळं फार कडक आहे हां!"

सोवळं! केळकरांच्या लेकीने रामटेकेबाईला हे म्हणावं! तिच्या लक्षातही आलं नाही ती काय बोलली ते. मी मात्र घरी जाईपर्यंत रेडवेवर, म्हणजे तिकडच्या सायकलच्या वाटेवर, सायकल चालवत एकटीच हसत होते. माझ्या आजीच्या सावलीनेसुद्धा लोकांना विटाळ व्हायचा. आणि तिची नात इथे बसून कोण चंद्र विटाळणार ते ठरवत होती. खरं सांगते, असा आनंद मला ह्या नोकरीच्या पगारातूनही मिळाला नाही.

मधुराचं काम होतं, ती माती थोडी थोडी तापवत न्यायची आणि तिच्यातून कुठले वायू निघतात ते यंत्रावर मोजायचं. चिमट्याने कणभर माती उचलून प्लॅटिनमच्या इवल्याशा डबीत ठेवायची, डबी भट्टीत. प्रत्येकाचा चिमटा वेगळा, त्यावर ज्याची त्याची खूण. त्या वर्षी नोव्हेंबरात यंत्राने एक अजब गोष्ट दाखवली. मातीतून असे काही कार्बनी पदार्थ निघाले, जे चंद्रावर असायलाच नकोत. सजीवांशी नातं सांगणारे पदार्थ!

आमचा प्रमुख गॅरेथ, कार्डिफकडचा वेल्श माणूस, उंच, सावध आणि मुळात खिन्न. तो वेडा नव्हता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "हा मळ कोणाचा?" सगळ्यांना समोर बसवून त्याने हँडक्रीमपासून चुइंगमपर्यंत सगळं विचारलं. मग मी रिकाम्या डब्या तापवून पाहिल्या. यंत्र किंवा डबी घाण असेल, तर रिकाम्या डबीतूनही तेच पदार्थ निघणार. काही निघालं नाही. मधुराने पुन्हा माती घेतली, तर पुन्हा निघाले. गॅरेथच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच उजेड पाहिला. जानेवारीत परिषदेसाठी सारांश पाठवायचा आणि वसंतात अमेरिकेत भाषण करायचं, असं ठरलं. मधुराचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, व्हिसा त्याच कंत्राटावर होता. हा शोध खरा ठरला, तर तिची पुढची पाच-सात वर्षं तरी पक्की होती. ती गुणगुणत काम करायला लागली.

मला मात्र चैन पडेना. चंद्राने इतकी वर्षं काही दिलं नाही, आणि आताच एकदम का द्यावं? डिसेंबरात एका दुपारी चहा पिताना डोक्यात आलं, रिकाम्या डब्या मी ठेवल्या होत्या, माझ्या चिमट्याने. माती मधुराने ठेवली होती, तिच्या चिमट्याने. तेवढाच काय तो फरक. मी चहा तसाच सोडून आत गेले. आमच्याकडे जांभळ्या किरणांचा एक टॉर्च असे. दिवे घालवून तो मारला की डोळ्यांना न दिसणारे धागे आणि डाग चमकतात. मी मधुराचा चिमटा त्याच्याखाली धरला. टोकाशी, आतल्या बारीक खाचांमध्ये, पिवळा-हिरवा उजेड पेटला.

त्या अख्ख्या इमारतीत तो रंग ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. मी माझ्या स्वयंपाकघरात गंमत म्हणून तो टॉर्च नेऊन पाहिलेला होता. ओटा, पोळपाटाची कड, माझी नखं, सगळं असंच उजळलं होतं, तेव्हापासून मी स्वयंपाकही हातमोजे घालून करायचे. ही हळद होती.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, चल, आज गाडी आणली आहे, तुला सोडते. गाडीत बसल्यावर विचारलं, "मधुरा, तुझ्या चिमट्याला हळद कशी लागली?"

ती आधी हसली. मग थांबली. "खंडेनवमीला घरी नेला होता," ती म्हणाली. "बाबांचा फोन आला होता, हत्यारं पूजलीस का म्हणून. आमच्याकडे लेथ, गेज, सगळ्याची पूजा असते ना. माझं हत्यार म्हणजे तो चिमटाच. जस्ट हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. ताई, आय स्वेअर, नंतर दोनदा स्पिरिटने पुसला होता."

"गॅरेथने सगळ्यांना विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"माझ्या डोक्यातच आलं नाही! तो मळ विचारत होता. पूजा म्हणजे मळ कसा?" आणि मग तिला रडू फुटलं. "ताई, प्लीज, त्याला नका सांगू. मी नवीन चिमटा घेते, परत रीडिंग घेते, आलेखात ते टोक येणार नाही, तो आपोआप विषय ड्रॉप करेल. मार्चला माझं कंत्राट संपतंय. हे कळलं तर मला ठेवतील का?"

"तो सगळ्या जगासमोर उभा राहणार आहे. आणि खोटं रीडिंग आपोआप जात नसतं, ते का आलं हे कोणीतरी विचारतंच."

त्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही पूजा मानत नाही ना, म्हणून तुम्हाला हे एवढं मोठं वाटतंय."

मिल्टन कीन्समध्ये दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, असतं, त्याचे मी त्या दिवशी आभार मानले. रागाच्या भरात मी त्याच एका राउंडअबाउटला फेऱ्या मारत राहिले, बाहेर पडायचा रस्ता सापडत असूनही. तिचं बोलणं मला फार लागलं होतं. शेवटी मी म्हटलं, "मी काय मानते ते यंत्राला कसं कळलं गं? त्याने तर हळद आधीच दाखवली. उद्या सकाळी तू त्याला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तू सांगितलेलं तुझ्या कामी येईल, मी सांगितलेलं येणार नाही."

सकाळी मी पोचले तेव्हा ती गॅरेथच्या दारात उभी होती, चिमटा पिशवीत घालून. मलाही आत ये म्हणाली. तिने सगळं सांगितलं, भोसरीच्या कारखान्यापासून, काहीही न गाळता. गॅरेथने चष्मा काढून टेबलावर ठेवला. हयातीतला सगळ्यात मोठा शोध त्याच्या डोळ्यांसमोर आमटीत विरघळत होता.

"म्हणजे करी," तो म्हणाला.

"नाही," मधुरा रडत रडत पण ठामपणे म्हणाली. "करी नाही. पूजा."

त्याने चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "हळद आण. तापवून बघू." आम्ही नव्या चिमट्याने, निराळ्या भट्टीत, माझ्या घरच्या बरणीतली हळद तापवली. तेच पदार्थ, त्याच क्रमाने. गॅरेथने त्याच दुपारी अमेरिकेला फोन करून सगळं कळवलं. उसनी आणलेली वस्तू खराब झाली तर आधी आपण सांगावं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते बरं आलं. उरलेली माती परत मागवली, तिच्यावर खूण करून ठेवणार म्हणाले, आणि पुढची माती आम्हाला देणं त्यांनी थांबवलं नाही. मधुराचं कंत्राटही गॅरेथने वाढवलं. स्वतःचा घात करणारी गोष्ट स्वतः सांगणारी माणसं त्याला आमच्या धंद्यात हवी होती, असं तो म्हणाला.

"पण खोली तुझी आहे, शीला," तो मला म्हणाला. "ती पुन्हा आत कधी जाईल, जाईल की नाही, ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही."

आणि मी अडकले. त्या खोलीविना मधुराचं कंत्राट नुसता कागद होता. चटकन आत घेतलं असतं, तर आपल्या देशाच्या पोरीवर मेहेरबानी केली असं लोक बोलले असते. आणि बाहेर ठेवलं असतं, तर ती आयुष्यभर म्हणाली असती की रामटेकेबाईंनी पिढ्यांचा हिशेब माझ्याकडून चुकता केला. खरं तर मनात तोही एक बारीक आवाज होताच, आता बसू दे की जरा बाहेर. मी त्याला ऐकून घेतलं आणि ठरवलं, लोशनवाल्या प्राध्यापकांना जो नियम लावला, तोच हिला. त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. सगळं शिक्षण नव्याने, मग हाताच्या चाचण्या, त्या स्वच्छ आल्या की दार उघडायचं.

ती पहिल्याच चाचणीत नापास झाली. हातमोज्यांच्या आत, नखांच्या कडांना हळद! स्वयंपाक तर ती रोज करत होती. ती काचेबाहेरच्या बाकावर बसली आणि आतल्या लोकांकडे बघत राहिली. मला ते बघवेना. रविवारी आईशी फोनवर बोलताना मी हे सगळं सांगितलं. आई लहानपणी शाळेत दाराबाहेर बसून शिकलेली.

"मंग कवा घेतं तिले आत?" आईने विचारलं.

"परीक्षा पास झाली की."

"तिले पास व्हाले काय लागते?"

"हळद सोडावी लागेल."

"मंग तू करून दे न बिनहळदीचं! तुह्या हातचं खाईन का ते?"

मी हातमोजे घालून बिनहळदीचं वरण, पांढरी खिचडी, मिरचीची भाजी, असं काय काय करून रोज डबा न्यायला लागले. तिने खाल्लं. पहिल्या दिवशी दोन घास खाऊन म्हणाली, "ताई, हे वरण आजारी माणसाचं आहे." पण डबा चाटूनपुसून रिकामा केला. बाकावर बसून दोघी जेवायचो. एकदा जेवता जेवता ती खाली बघत म्हणाली, "गाडीत मी बोलले ना, ते वाईट बोलले."

"हो," मी म्हटलं. "वाईट बोललीस."

"सॉरी, ताई."

"आमच्याकडे एक बरं आहे," मी म्हटलं. "इथला मळ कोणाचाही असो, धुतला की जातो. न जाणाऱ्या मळाचं मला काही सांगू नकोस, तो मी मानत नाही." ती मान हलवून पुन्हा खिचडीकडे वळली.

पुढच्या चाचण्या स्वच्छ आल्या. सगळ्या. मी निकाल दोनदा पाहिला आणि तिला म्हटलं, उद्या सकाळी ये, आपण दोघी बरोबर आत जाऊ. दुसऱ्या दिवशी पोशाख बदलायच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. मला भरून आलं होतं, आणि तसं दिसू नये म्हणून मी बुटांवरची पांढरी आवरणं बराच वेळ घालत बसले. मधुराने टोपी चढवली, हातमोजे घातले, वर दुसरे घातले. मी दाराच्या हँडलला हात लावला. तेवढ्यात ती नाक वर करून म्हणाली,

"ताई, थांबा."

"काय झालं?"

"काल डोक्याला तेल लावलं होतं का?"

लावलं होतं. आठवड्यातून एकदा रात्री मी तेल लावते आणि सकाळी न्हाते. त्या सकाळी तिच्या आनंदात मीही घाईत होते, नीट धुतलं गेलं नसणार. "टोपीच्या आत आहेत केस," मी म्हटलं.

"वास बाहेर येतोय. खोबरेल. आपण कार्बन मोजतो, ताई." आणि मग त्या पोरीने, हात पुढे करून, माझ्याच आवाजात, माझ्याच खोलीच्या दारावर मला सांगितलं, "आधी बाहेर व्हा. केस धुऊन या, मग आत."

मी तिच्याकडे बघितलं. ती अजिबात हसत नव्हती. नियम तिला पाठ झाला होता. मी मुकाट्याने पांढरा पोशाख उतरवला, खालच्या मजल्यावरच्या शॉवरला गेले, आणि गरम पाण्याखाली उभी राहून इतकी हसले, इतकी हसले, की शेजारच्या शॉवरमधल्या बाईने ठीक आहात ना म्हणून विचारलं. केळकरांनी बाहेर व्हा म्हटल्यावर बाहेर होणारी मी आमच्या घराण्यात पहिली नक्कीच नव्हते. पण डोकं धुऊन त्याच दारातून परत आत गेलेली मी पहिलीच. आणि मी गेले तेव्हा मधुरा दार उघडून धरून उभी होती.